अंधाराचे चाळीस फोटो

दादाने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि उपकार केल्याच्या सुरात म्हणाला, "तुझे काळेकुट्ट फोटो पुसून टाकले गं. चांगले चाळीस होते! एवढी शिकलीस, पण लेन्सचं टोपण काढायचं लक्षात राहत नाही."

तिचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

पहाटेपर्यंत ती गच्चीवर धूमकेतूचे फोटो काढत होती. तो आता सूर्याच्या उजेडात बुडणार होता. पुन्हा यायचा तो कित्येक पिढ्यांनी. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे बाबांना गच्ची बंद होती, आणि "मी आणून दाखवीन," असा शब्द ती देऊन बसली होती. आज दुपारी त्यांची पट्टी सुटणार होती.

"आणि बाकीचे?" तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"ते ठिपक्यांचे? आहेत की. मी काय वेडा आहे?"

तिने कप खाली ठेवला. धूमकेतू शाबूत होता. गेला होता तो फक्त अंधार. टोपण लावून मुद्दाम टिपलेला, कॅमेऱ्याचे स्वतःचे खोटे ठिपके ओळखून वजा करण्यासाठी. त्याच्याविना ती फिकट शेपटी त्या ठिपक्यांच्या गर्दीत हरवली असती.

दादाचा चेहरा उतरला. "मग आता गं?"

"आता अंधार पुन्हा पाडायचा. रात्रीइतकाच गार, कारण हे खोटे ठिपके गारठ्याप्रमाणे बदलतात." तिने वही उघडली. रात्री गच्चीवर सहा अंश होते. तिची नजर फ्रिजकडे वळली.

टोपण लावलेला कॅमेरा पिशवीत गुंडाळून दुधाच्या पातेल्याशेजारी विसावला आणि मिनिटाला एक असे काळे फोटो आपले आपण काढू लागला. वहिनी फ्रिजच्या दारापुढे स्टूल टाकून बसली. "चाळीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. उद्या ही चंद्रालाही विरजण लावेल!"

दुपारी पट्टी सुटल्यावर बाबा कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसले; त्यावर अंधार वजा केलेला धूमकेतू होता. जन्मभर शिंप्याचं काम केलेल्या त्या माणसाला गेली दोन वर्षं सुई ओवता आली नव्हती. ते पडद्याकडे झुकले. तिने श्वास रोखून धरला.

मग त्यांचं बोट शेपटीच्या अगदी टोकापर्यंत, जिथे ती जवळजवळ नव्हतीच तिथवर, हळूहळू सरकत गेलं.

"एवढा बारीक दोरा," ते म्हणाले, "आणि कुठेही तुटला नाही बघ."

मागे उभ्या दादाने इतका मोठा सुस्कारा सोडला, की सगळेच हसले.