हेस्टिया, वेस्टा आणि आमची रेणुका

जावई मला आवडत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदारपणा शिकवायला नको. ग्रेसन त्याचं नाव. उंच, शिडशिडीत, इथे अमेरिकेत डरहॅमला एका लॅबमध्ये नोकरीला. दारू बेताची, सिगरेट नाही, माझ्या नेत्राला जपतो, सगळं खरं. पण सासूला नावाने हाक मारतो. "पद्मिनी, पाणी हवंय का?" अशी. इंग्रजीत अरे-तुरे नसतं म्हणतात. मला त्याच्या इंग्रजीत ते बरोबर ऐकू येतं, म्हणून त्याचं बोलणं मी इथे मराठीत 'तू' घालूनच सांगणार आहे.

त्यातून हा माणूस ग्रीक देव मानतो. शाळेच्या पुस्तकात वाचून सोडून द्यायचे ते देव हा खरोखर पूजतो. रोज सकाळी चुलीच्या देवीपुढे दिवा लावतो, आणि घरात चूल म्हणून आहे ती विजेची शेगडी. देवीचं नाव हेस्टिया. पहिला घास तिला, आणि जेवण आटोपताना शेवटचा घोटही तिलाच. नेत्राने लग्नाआधी हे सांगितलं तेव्हा माझा नवरा अतुल म्हणाला, "नास्तिक असण्यापेक्षा बरं." मी मात्र तेव्हापासून धुसफुसतेच आहे. आमच्या घरात देवांचा काय तुटवडा होता, की पोरीने नवऱ्याकडचे घ्यावेत, आणि तेही असे, ज्यांना जगात कुणी विचारत नाही?

शेजारच्या रॅली शहरात त्यांचा एक ग्रुप होता. मूठभर माणसं, पण त्यातही भांडण झालं. एक पार्टी म्हणे ग्रीक देव आणि रोमन देव एकच, झ्यूस तोच ज्युपिटर, नावं तेवढी बदलली. दुसरी म्हणे साफ चूक, देव वेगळे, त्यांची पूजाही वेगळी. ग्रेसन दुसऱ्या पार्टीत. शेवटी ग्रुप फुटला. हे ऐकून मी पोट धरून हसले होते. आमचं मराठी मंडळ फुटलं, पण ते निदान गणपतीचा हॉल कुठला घ्यायचा यावरून तरी फुटलं.

मग नात झाली. बाळंतपणाला नेत्रा माझ्याकडे आली नाही. "आई, आमचं हॉस्पिटल इथून फाइव्ह मिनिट्स आहे, तुझ्याकडे येऊन काय करू?" म्हणाली. मीच आमच्या गावाहून, कॅरीहून, रोज ड्राइव्ह करत जायची, अळिवाची खीर करायची, बाळाला तेल लावायची आणि जावयाशी कामापुरतं बोलून परत यायची.

सातव्या दिवशी त्यांच्यातला नाव ठेवायचा विधी होता. त्यात बाप बाळाला चुलीभोवती फिरवतो आणि तेव्हापासून ते बाळ त्या घरचं होतं. त्यांची फायरप्लेस भिंतीत, तिच्याभोवती फिरणार कोण? म्हणून हॉलच्या मधोमध कॉफी टेबल ओढून त्यावर कंदील ठेवला होता.

मी त्या दिवशी मनाचा मोठेपणा दाखवायचं ठरवलं होतं. त्यांच्या देवीची मूर्ती भेट द्यायची म्हणून आधीच ऑनलाइन शोधत बसले होते. हेस्टियाची जी मिळत होती ती खेळण्यातली वाटावी अशी. तिच्या शेजारीच वेस्टा होती, रोमन लोकांची चुलीची देवी. पितळी, भरीव, हातात ज्योत. खाली लिहिलंही होतं की हीच ती हेस्टिया. मला हायसं वाटलं. भारी बघून मागवली.

ग्रेसनने कंदील पेटवला. समोर दिवा लागला की माझा हात आपोआप पदराकडे जातो. मी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. तर हा बाळाला घेऊन उभा, म्हणतो, "पद्मिनी, डोकं उघडं ठेव. झाकून पूजा रोमन लोक करतात. इथे नाही."

सासूला डोक्यावरचा पदर काढायला लावणारा जावई मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. अंगाची नुसती आग झाली. नेत्राने डोळ्यांनीच विनवलं म्हणून पदर खाली घेतला.

मग तो बाळाला छातीशी धरून कंदिलाभोवती धावला. अनवाणी, अगदी गंभीर चेहऱ्याने. आयरिस असं नाव मोठ्याने घेतलं. बाळ झोपेतच होतं. पदराचं प्रकरण झालं नसतं तर मला ते बघायला आवडलंही असतं.

सगळं आटोपल्यावर मी खोकं पुढे केलं. त्याने उघडलं, मूर्ती हातात घेऊन खालचं नाव वाचलं आणि परत खोक्यात ठेवून झाकण लावलं.

"थँक यू. पण ही माझ्या देवघरात बसणार नाही. ही ती नाही."

"अरे, सेमच आहे!" मी म्हणाले. "रोमन लोकांनी तुमचीच उचलली आणि नाव बदललं."

"हेस्टियाला आम्ही सगळ्यांच्या आधी बोलावतो. त्यांच्या प्रार्थनेत वेस्टा शेवटी येते. तिच्या पुजारिणी वेगळ्या, सण वेगळे, रीत वेगळी. ज्यांनी तिला शेकडो वर्षं पूजलं त्यांना ती कोण हे ठाऊक होतं. तुला बाजारात ती स्वस्त आणि मस्त मिळाली म्हणून ती बदलत नाही."

"स्वस्त नव्हती," मी म्हणाले. माझा आवाज आता चढला होता. "आणि आम्ही हिंदू लोक असला कद्रूपणा करत नाही. आमच्यात सगळे देव एकच. तुझी हेस्टिया काय, ती वेस्टा काय, माझी रेणुका काय, कुणाचंही नाव घ्या, पोचतं एकीलाच!"

"आई, प्लीज, स्टॉप," नेत्रा म्हणाली. तिच्या डोळ्यांवर झोप होती.

मीही आवरतं घेतलं, कारण मला खरं बोलायचं होतं ते वेगळंच. "बरं, ते जाऊ दे. रविवारी बारावा दिवस. बारसं आमच्याकडे. सकाळीच या. बाळाला रेणुकेच्या पायावर घालायचंय."

माहूरची रेणुका ही आमची कुलदेवी. आम्ही अमेरिकेला निघालो तेव्हा सासूबाईंनी तिचा चांदीचा टाक रुमालात बांधून माझ्या पर्समध्ये ठेवला होता. इथल्या पहिल्या भाड्याच्या घरात नेत्राला बाराव्या दिवशी मी त्या टाकापुढे ठेवलं, तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो, आणि तरी मला एकटं वाटलं नव्हतं. नातीला तिथे ठेवायचं एवढी एकच गोष्ट मला या सगळ्यातून हवी होती. तेल, खीर, लाडू, रोजचा ड्राइव्ह, सगळं त्यासाठी.

ग्रेसन टेबल पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "गरज नाही."

"म्हणजे?"

"तूच आत्ता म्हणालीस, सगळ्या एकच. मग आयरिस तिच्यापुढे नेऊन झाली. अर्ध्या तासापूर्वी. तू समोर उभी होतीस. पुन्हा कशाला?"

मी सोबत आलेल्या अतुलकडे पाहिलं, तर तो मान खाली घालून लाडू खात होता. नेत्राने उशीला डोकं टेकलं. "ही इज नॉट राँग, आई," एवढंच म्हणाली.

मी खोकं उचललं आणि निघाले. गाडीत अतुलला पूर्ण रस्ताभर ऐकवलं. जावई उर्मट, मुलगी त्याच्या ताटाखालचं मांजर, आणि नवरा असून नसल्यासारखा. अतुलने नेहमीप्रमाणे सिग्नलकडे लक्ष ठेवलं. घरी आल्यावर त्याने डिकीतून खोकं काढलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "ही कुठे ठेवू? देवघरात?"

"देवघरात?" मी केवढ्यांदा ओरडले. "रेणुकेशेजारी? ही कोण कुठली!"

अतुल खोकं छातीशी धरून तसाच उभा राहिला. माझ्याकडे बघत होता.

मला त्याचा इतका राग आला. मग माझी नजर हॉलमधल्या शोकेसकडे गेली. तिथे वाघावर बसलेली आठ हातांची देवी आहे. नणंदेने तिच्याकडच्या आयसेलिनच्या इंडियन दुकानातून पाठवली होती, मोठ्या हौसेने. मी तिची पूजा कधी केली नाही. नणंदेला म्हणाले होते, छान आहे गं, पण आपली रेणुका म्हणजे नुसता मुखवटा, ही आपली नाही. तेव्हा मला त्यात कद्रूपणा वाटला नव्हता. आता कानशिलं तापली.

दोन दिवस मी डरहॅमला गेले नाही. नेत्राला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. बारसं व्हायचं तर मला काय म्हणावं लागणार हे मला पक्कं कळलं होतं, आणि ते त्या माणसापुढे म्हणण्यापेक्षा जीभ तुटलेली परवडली असती. शेवटी तिसऱ्या दिवशी त्याच्याच फोनवर फोन केला. लग्नानंतर पहिल्यांदा.

"ग्रेसन, त्या एक नाहीत."

तो म्हणाला, "कोण?"

मेल्याला सगळं वदवून घ्यायचं होतं. "तुझी आणि माझी. माझी रेणुका वेगळी आहे. ती दुसरी कुणी नाही आणि दुसरी कुणी ती नाही. बाळ तिच्यापुढे अजून आलेलं नाही. मला ते आणायचंय."

"आणि वेस्टा?"

"ती रोमन लोकांची. गराजमध्ये आहे."

"ओके," तो म्हणाला. "रविवारी किती वाजता?"

ना सॉरी, ना थँक यू. मी फोन ठेवला आणि रागाने रडले.

रविवारी तिघं आले. देवघराच्या दारात ग्रेसन थांबला. बाळ त्याच्या हातात होतं. त्याने बूट काढले होते, मोजेही काढले होते. आत पाऊल न टाकता मला विचारलं, "हिच्यापुढे डोकं झाकायचं की उघडं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नेत्रानेही नाही. मी अतुलची पूजेची टोपी आणून दिली. ती त्याच्या डोक्याला लहान होत होती, तरी त्याने ती हसण्यावारी न नेता दोन्ही हातांनी नीट बसवली. मी बाळाला घेतलं, रेणुकेच्या पायावर घातलं आणि नेत्राच्या वेळी म्हटलं होतं तेच म्हटलं, ही तुझी, सांभाळ. नेत्राने डोकं टेकवलं. ग्रेसन मात्र हात सरळ सोडून ताठ उभा.

"नमस्कार कर," मी दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही," तो तितक्याच हळू म्हणाला. "तुझी आहे म्हणून टोपी घातली. माझी नाही म्हणून हात जोडणार नाही. तूच सांगितलंस ना वेगळी आहे म्हणून."

बाळ टाकाकडे टुकुटुकु बघत होतं, त्यामुळे भांडताही येईना.

पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला गेले. त्याने कंदील लावला, पहिला घास हेस्टियापुढे ठेवला. मी पदर खांद्यावरच राहू दिला, ताठ उभी राहिले आणि हात जोडले नाहीत. ग्रेसनने ते पाहिलं, आणि माझं ताट वाढायला घेतलं.