पलीकडची कपार

जहांगीरनं दोरीची गाठ आणखी आवळली, तसा तरंगायला बांधलेला तेलाचा लहानसा प्लास्टिकचा डबा गोजरबाईच्या पाठीला घट्ट बसला. पायऱ्यांवर ओळीनं बसलेल्या पोरी खुदकन हसल्या. हसायला कारणही तसंच होतं. गोजरबाईनं नवऱ्याचा, किसनरावांचा, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातला होता आणि वर त्याचाच पूर्ण बाह्यांचा सदरा. साठीला टेकलेली बाई अशा सोंगात विहिरीत उतरते, यावर कुरुंद्यात सगळा उन्हाळा बोलणं चाललं होतं. बोलेनात का! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

"हसता काय गं? लुगडं पायात गुतलं तर तुमी काढणार व्हय मला?"

"आजी, आमीच अजून बुडून राहिलो," शेजारची शिवकन्या म्हणाली, आणि तिनं लगेच जीभ चावली.

घरच्या मळ्यातल्या याच विहिरीत गोजरबाईची लेक पुनम गेली होती. शिवकन्येएवढीच होती तेव्हा. कपडे धुताना तिचा पाय घसरला आणि हातपाय मारता मारता ती पायरीपासून दूर, समोरच्या भिंतीतल्या कपारीकडे गेली. "आई, आई," म्हणून हाका मारत होती. गोजरबाई खालच्या पायरीवर उभी. पोहता येत नव्हतं. सगळं रान ऐकेल अशी ती ओरडली. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारा जहांगीर दोन शेतं ओलांडून पळत आला, त्यानं उडी घेतली, पोरीला वरही काढलं. पण तोवर सगळं संपलं होतं.

त्यानंतर विहिरीकडे कुणी फिरकत नसे. पोरं कुठंही शिकतात, पोरींना कोण शिकवतं, म्हणून यंदा जहांगीरनं सुट्टीत पोरींसाठी पोहण्याचा वर्ग काढायचं ठरवलं. बाकी विहिरी तळाला गेलेल्या. पाणी होतं ते इथंच. तो विचारायला आला, तेव्हा किसनरावांनी मान फिरवली. उंबऱ्यातून गोजरबाईच बोलली.

"द्या त्याहिला विहीर. पण मलाबी शिकवायचं."

"आता शिकून काय करतीस?" किसनराव म्हणाले. "गेलेली लेक माघारी येते काय?"

"न्हाई येत. तरी शिकते."

तेव्हापासून रोज वर्ग सुरू झाला, की किसनराव खळ्यात विहिरीकडे पाठ करून वाळत घातलेली हळद उलटीपालटी करत बसत. हळद कधीच वाळली होती. कान मात्र विहिरीकडे असायचे.

गोजरबाई श्वास धरायला शिकली, पाय मारायला शिकली. पण निम्म्यावर गेली की तिचं अंग आखडायचं आणि ती माघारी फिरायची. समोरच्या कपारीकडे तिनं एकदाही नजर टाकली नव्हती.

"भाभी, आज पलीकडं जायचं," जहांगीर म्हणाला.

"डबा बराबर बांधला का?"

"बांधला की. मी हाय ना. घाबरू नका."

ती पाण्यात शिरली. पहिले काही हात नीट पडले. निम्म्यावर आली, तशी थबकली, नाकातोंडात पाणी गेलं. पोरींनी श्वास रोखले. जहांगीर एक पायरी खाली उतरला. मग तिनं डोळे गच्च मिटले, पुढं हात टाकला, पुन्हा टाकला, आणि बोटांना दगड लागला.

पोरींनी टाळ्यांचा कडकडाट केला. किसनराव खळ्यातून उठून कधी काठावर आले, ते कुणाला कळलंच नाही.

"भाभी, त्या डब्याचं बूच उघडून बघा," जहांगीर हसत ओरडला. "आत पाणीच हाय! रोज थोडं थोडं टाकत होतो, आज तर काठोकाठ भरला. डब्यानं न्हाई, तुमच्या हातांनी गेल्या तुमी!"

गोजरबाई हसली नाही. कपारीचा दगड धरून ती वळली आणि समोर पाहत राहिली. खालच्या पायरीकडे. तिथं ती तेव्हा उभी होती.

"एवढंच व्हतं का हो भाऊ?" तिनं विचारलं.

जहांगीरचं हसू विरलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"मला वाटायचं, लई लांब हाय," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी मनाला हेच सांगून राहिले, की लई लांब व्हतं."

काठावर किसनराव मटकन खाली बसले.

गोजरबाईनं चाचपडत पाठीची गाठ सोडली आणि डबा पाण्यात सोडून दिला. मग ती निघाली. उजव्या हातानं पाणी मागं सारत होती. डावा हात छातीशी वळवून घट्ट धरलेला, कुणाला कवेत धरून आणावं तसा. त्यामुळं ती एका अंगाला कलत होती, दम लागत होता, तरी तो हात काही तिनं उघडला नाही.

"आजी, दोन्ही हातांनी!" शिवकन्या ओरडली. "एका हातानं काहून येता?"

"गप बस, पोरी," जहांगीर हळू आवाजात म्हणाला. "येऊ दे."

पायरीशी पोचल्यावर गोजरबाईनं आधी तो डावा हात उचलून वरच्या कोरड्या दगडावर अलगद टेकवला. मग ती स्वतः पाण्याबाहेर आली.