स्वयंपाकघरातली मुलाखत

आमच्या मंडळात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही, धंद्याने मारतो. माझं नळ-तोट्यांचं दुकान, म्हणून मी नळवाले. अध्यक्ष दातवाले. त्यांच्याच दवाखान्यात दर रविवारी सकाळी आम्ही जमतो, किडलेल्या दाढांच्या चित्राखाली बसून संगीतावर बोलतो. टायपिस्टबाई नोकरीतून निवृत्त झाल्या, पण मंडळाचं इतिवृत्त अजून त्याच लिहितात. आणि चौथा इस्त्री. त्याचा कपड्यांशी काही संबंध नाही. तो कानाची मशिनं विकतो, आणि मंडळाला मिळालेली प्रत्येक जुनी टेप घरी नेऊन तिच्यावरून इस्त्री फिरवतो. खरखर, खोकला, खुर्चीची कुरकुर, सगळं काढून टाकतो. एक सुरकुती म्हणून ठेवत नाही.

मंडळ साहेबांच्या चाहत्यांचं. साहेब व्हायोलिन वाजवायचे, जगभर वाजवून आले, आणि सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांची ती ‘थांब्यावरची धून’ ऐकली नाही असा माणूस सापडणार नाही. पावसात बसथांब्यावर उभे असताना सुचली, असं ते प्रत्येक मुलाखतीत सांगायचे. आम्हाला ती गोष्ट शब्दन् शब्द पाठ आहे.

मंडळात माझा मान मोठा. का, तर प्रसिद्ध व्हायच्या आधी साहेब दोन वर्षं आमच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. मी तेव्हा दहा वर्षांचा. त्यांचे बूट कसे होते, ते शिट्टी कशी वाजवायचे, हे सांगून सांगून मी पंचवीस वर्षं पहिल्या रांगेतली खुर्ची अडवून बसलोय. एक गोष्ट मात्र तिथे कधी बोललो नाही. माझी थोरली बहीण. ती धून तिची आहे असं ती म्हणते.

ताई तेव्हा वीस वर्षांची होती. वडिलांनी तिला व्हायोलिन शिकवलं होतं. तिचं म्हणणं असं की बसथांबा वगैरे सगळ्या थापा. ती धून तिने आमच्या स्वयंपाकघरात बसवली आणि भाडेकरूला महिनाभर शिकवली, कारण त्याचा हात फार पळायचा. पुढे रेडिओवर ती वाजायला लागली तेव्हा ताईने वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, लग्नाच्या मुलीने परक्या पुरुषाचं नाव असं घ्यायचं नसतं, गप्प बस. आणि व्हायोलिन कुणाला तरी देऊन टाकलं. लग्न काही झालं नाही ते नाहीच. शाळेत शिवणकाम शिकवून ती निवृत्त झाली, आणि आता माझ्याकडे असते. नातेवाइकांत तिला मागून ‘धूनवाली’ म्हणतात. कुणाच्या घरी कार्य असलं आणि ती धून लागली की पोरंटोरं मुद्दाम विचारतात, “आत्या, ही तुझीच ना गं?” आणि ती भाबडी खरंच सांगायला बसते. मीही हसलोय. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? माझा काडीचा विश्वास नव्हता तिच्यावर. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते आमच्या घरात एकावन्न वर्षं चाललं.

तर गेल्या गुरुवारी दातवाल्यांचा फोन आला. आवाज नुसता फुटत होता. कवळी बसवायला आलेल्या एका बाईंचे वडील म्हणे रेडिओवर होते, त्यांच्या कपाटात साहेबांची अगदी पहिली मुलाखत सापडली. साहेब बावीस वर्षांचे! कुठे प्रसारित झालीच नाही. “तीन आठवडे तोंडाला कुलूप लावून बसलोय नळवाले, तुम्हाला चकित करायचं होतं. आणि ऐका, मुलाखत तुमच्याच घरात झालीय! आपण ती प्रकाशित करू, वर तुमच्या घराचा आणि तुमचा फोटो!”

मी फोन ठेवला तेव्हा ताई मागे भाजी निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“टेपची ती मोठी पेटी घेऊन आले होते ते रेडिओवाले,” ती म्हणाली. “जिन्यातून वर जाईना. आणि खाली प्लग फक्त स्वयंपाकघरात. म्हणून तिथेच बसले सगळे. तू शाळेत होतास.”

“बरं.”

“मी ओट्यापाशी होते. त्यांनी त्याला वाजवायला सांगितलं, तर हा लागला पळायला. मी म्हटलं, ‘तिथे घाई नको. खालच्या सुरावर बस, मी बसते तशी.’ मग त्याने पुन्हा वाजवलं, आणि म्हणाला, ‘हिचंच आहे, हिलाच ठाऊक.’ ते रेडिओवाले हसले.” भाजीची जुडी तिने बाजूला ठेवली. “अरे, ते टेपवर असणार. मशीन चालूच होतं.”

ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ताईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

“फक्त ऐकून ये,” ती म्हणाली. “मला दुसरं काही नको. कुणाशी भांडायचं नाही, पेपरात द्यायचं नाही. तो आता गेलाय. फक्त आहे की नाही, तेवढं मला येऊन सांग. मरायच्या आधी मला कळू दे, मी खोटी नाही म्हणून.”

“अगं, मरायच्या काय गोष्टी करतेस!” मी खेकसलो. पण त्या तीन रात्री मला धड झोप लागली नाही. असला तिचा आवाज तर? मग पंचवीस वर्षं मी त्या खुर्चीवर काय म्हणून बसलो होतो?

रविवारी दवाखान्यात गेलो तर दातवाल्यांनी खुर्च्या मांडून, फडकं मारून ठेवलेलं. टायपिस्टबाई नवी वही घेऊन आल्या होत्या. इस्त्री नवरदेवासारखा मधोमध बसला होता. त्याने बटण दाबलं.

साहेबांचा कोवळा, चिरका आवाज! टायपिस्टबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. रेडिओवाल्याने विचारलं, रियाज किती करता? साहेब म्हणाले, जमेल तेवढा. “बघा, काय नम्रता!” दातवाले म्हणाले. मग प्रश्न आला, नवीन काही वाजवून दाखवाल का? आणि धून सुरू झाली. पहिल्या ओळीला हात पळत होता, मलाही कळलं. मग एकदम, जणू दुसराच माणूस वाजवतोय असं, सगळं संथ झालं. तो खालचा सूर असा काही धरला, अगदी ताई म्हणाली होती तसाच. मग लगेच पुढचा प्रश्न, आवडता रंग कोणता. बाईचा आवाज कुठेच नव्हता.

“व्वा!” दातवाले उठून उभे राहिले. “पहिल्यांदा घाई, आणि एका क्षणात स्वतःच स्वतःला दुरुस्त केलं! कुणी सांगितलं नाही, शिकवलं नाही. याला म्हणतात उपजत! बाई, हे लिहून घ्या. बाविसाव्या वर्षी स्वतःचा गुरू स्वतः.”

“पण धून तर थांब्यावर सुचली ना?” बाईंनी विचारलं. “इथे थांब्याचं काहीच बोलले नाहीत ते.”

“लाजले असतील हो. मोठी माणसं अशीच असतात.”

मला राहवेना. मी इस्त्रीला विचारलं, “काय रे, मध्ये कुठे बाईमाणसाचा आवाज होता का?”

त्याचा चेहरा असा काही खुलला! “नळवाले, मानलं तुम्हाला! कळलं? कुठे सांधा दिसला?”

“नाही दिसला. होता का तेवढं सांग.”

“होता म्हणजे? अहो, चार संध्याकाळी गेल्या माझ्या! साहेब वाजवतायत आणि मध्येच कुणीतरी बाई तोंड घालतेय. आधी भांडी आपटतेय, मग उपदेश. चाळीस वेळा ऐकलं असेल, पाठ झालंय मला.” आणि तो तिची नक्कल करत, नाकात बोलला, “‘तिथे घाई नको. खालच्या सुरावर बस, मी बसते तशी.’ आता सांगा! साहेबांना शिकवायला निघाली!”

दातवाले खदखदून हसले. टायपिस्टबाईही हसल्या.

“आणि साहेब?” मी विचारलं. “साहेब काय म्हणाले तिला?”

“काहीतरी म्हणाले, ‘हिचंच आहे’ की काय. काय हिचं, ओटा? उगाच गैरसमज नको म्हणून तेही काढलं.”

शब्दन् शब्द. एकावन्न वर्षांत तिने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं, आणि आम्ही तिला धूनवाली म्हणून हसत होतो.

“कच्ची टेप कुठाय?” मी विचारलं.

“कुठाय म्हणजे? ठरावाप्रमाणे पुसली, कालच.”

तो ठराव. आठ वर्षांपूर्वी साहेबांची एक कच्ची टेप बाहेर फुटली, तिच्यात त्यांनी साथीदाराला आईवरून शिवी दिली होती. लोक फिदीफिदी हसले, आणि आमची मान खाली गेली. तेव्हापासून मंडळाचा नियम: इस्त्री झाली की मूळ टेप कोरी करायची, म्हणजे साहेब जगापुढे जातील ते स्वच्छच. सूचक दातवाले, अनुमोदक मी. दोन्ही हात वर केले होते मी त्या दिवशी.

“का हो?” टायपिस्टबाईंनी पेन उचललं. त्या काही बावळट नाहीत. “मुलाखत तुमच्याच घरात झाली ना, नळवाले? मग कोण होती ती बाई?”

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. इस्त्रीचं हसू जरा आटलं होतं. वही उघडी होती. एवढंच म्हणायचं होतं, माझी बहीण. ती अजून आहे, दोन गल्ल्या पलीकडे, भाजी निवडत बसली असेल. तुम्ही तिघांनी आत्ता जे ऐकलंत ते लिहा आणि खाली सह्या करा. टेप गेली तरी तीन साक्षीदार होते, इस्त्रीला तर पाठच होतं. देवाशपथ सांगतो, शब्द ओठांवर आला होता.

पण मग पुढचा प्रश्न मला दिसला. बहीण? आणि पंचवीस वर्षं तुम्ही इथे बसून बसथांब्याच्या गोष्टीला माना डोलावत होतात? मग तो फोटो कुठला, आणि ती खुर्ची तरी कुठली.

“असेल कुणी,” मी म्हणालो. “स्वयंपाकाला एक बाई यायची तेव्हा. जरा आगाऊच होती.”

“बघा, मला वाटलंच!” इस्त्रीने सुटकेचा श्वास सोडला. टायपिस्टबाईंनी पेनाला टोपण लावलं. दातवाल्यांनी चहा सांगितला, आणि तो मी प्यालो. वर फोटो कुठे काढायचा यावर चर्चा झाली, तीतही मी भाग घेतला. माझ्याइतका नीच माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता, आणि तरी दातवाल्यांनी माझ्याच पाठीवर थाप मारली.

घरी जाताना मी ठरवलं, ताईला तरी खरं सांगायचं. मंडळात नाही तर नाही, घरात सांगायचं. तुझा आवाज होता, शब्दन् शब्द होता. बास, एवढंच तर मागितलं होतं तिने. पण मग ती विचारणार, पुसला कुणी? कुठल्या नियमाने? तू तिथे होतास ना, मग तू काय म्हणालास? माझं नाव सांगितलंस?

ती दारातच उभी होती. इस्त्रीची साडी नेसली होती, केस नीट विंचरलेले. आत माझं ताट वाढून ठेवलेलं दिसत होतं.

“होता?” तिने विचारलं.

मी चपला काढायला खाली वाकलो. “नाही,” मी म्हणालो. “सगळी टेप ऐकली. तुझा आवाज नव्हता त्यात.”

यात खोटं काय होतं? जे मी ऐकलं त्यात नव्हताच.

“भांड्यांचा तरी?”

“नाही.”

“आणि तो? तो काही म्हणाला नाही, हिचंच आहे वगैरे?”

“नाही, ताई.”

ती भिंतीला टेकली. मला वाटलं रडेल, चिडेल, म्हणेल की चोर मेला, त्यानेच काढून टाकला असेल. तसं म्हणाली असती तर कदाचित मी बोललो असतो. पण ती फरशीकडे बघत, हळू आवाजात, शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, “मग माझंच काहीतरी चुकलं असेल रे. ऐकून ऐकून वाटायला लागलं असेल माझी म्हणून. वडील म्हणायचे ते बरोबरच होतं. आणि मी त्या बिचाऱ्याला इतकी वर्षं चोर म्हणत आले.”

“जाऊ दे ना आता,” मी म्हणालो.

“नाही, जाऊ दे काय. त्याचं नाव घेऊन बोटं मोडायची मी, पाप लागलं असेल.” तिने डोळे पुसले आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. “बरं झालं तू जाऊन ऐकून आलास. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर माझा विश्वास बसला नसता.”