ड्रीमाचा प्रश्न

रोवेना टॅकेटने पातेल्यातून डावभर घेवडा उचलला, समोर आलेल्या ताटलीत वाढायला वळली आणि तिचा हात तसाच थांबला. ताटली ड्रीमा स्लोनची होती.

“वाढा ना,” ड्रीमा म्हणाली. “की माझ्या ताटातलंही काढून न्यायचंय?”

रांगेतले दोघंतिघं हसले आणि हसायला नको होतं असं वाटून गप्प झाले. रोवेनाने घेवडा वाढला, वर मक्याच्या पावाचा तुकडा ठेवला. ड्रीमाच्या मागे एक उंच, सडपातळ मुलगी उभी होती. लाल केस घट्ट मागे बांधलेले, अंगात रुग्णालयातल्या मदतनिसांचा निळा सदरा. तिने ताटली पुढे केली, हळू आवाजात “थँक्यू, मॅम” म्हटलं. रोवेनाने तिच्याकडे बघायचं टाळलं. तरी नजर गेलीच. ते केस तिने कुठेही ओळखले असते.

निवडणुकीच्या आधीच्या शनिवारी केटल क्रीकच्या अग्निशमन केंद्रात जेवण ठेवायचा रिवाज होता. बंब बाहेर काढायचे, आत लांब टेबलं लावायची, उमेदवारांनी स्वतः वाढायचं आणि जेवणं उरकली की लोक विचारतील त्याची उत्तरं द्यायची. उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, ज्याने इथे डाव हातात धरला नाही त्याला या दरीत कुणी मत देत नसे. पलीकडच्या टेबलावर तिच्याविरुद्ध उभा असलेला जेन्ट्री होलब्रुक, ट्रक विकणारा, ॲपल पाय कापून वाढत होता आणि प्रत्येकाला त्याच्या कुत्र्याच्या नावासकट ओळखत होता.

होबर्ट रिकामं पातेलं न्यायला आला. रोवेनाच्या गेलेल्या नवऱ्याचा हा थोरला भाऊ. उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, आणि या उन्हाळ्यापासून रोवेनाच्या प्रचाराचा सगळा भार याच्याच डोक्यावर.

“पाहिलंस ना?” तो पुटपुटला. “होलब्रुकच्या माणसांनी आणलंय तिला. आज उठून बोलणार आहे.”

“बोलू दे.”

“बोलू दे काय? अगं, ती बाई तेव्हा नशेच्या गोळ्यांवर होती हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. काय झालं होतं ते तू सरळ सांगून टाक. एकदा तोंड उघड, बास. निवडणूक इथंच संपेल.”

“मला सांगता येत नाही, होबर्ट. कायद्याने येत नाही.”

“नोकरी तर मार्चमध्येच सोडलीस!”

“नोकरी सोडली म्हणून सुटत नाही ते.”

होबर्टने पातेलं उचललं. “मग फ्रँकफोर्टच्या विधानसभेत काय होलब्रुकला पाठवायचं? त्याला तुझ्या त्या आयांचं काय पडलंय?”

रोवेना पुढच्या ताटलीकडे वळली. आयुष्यभर तिने मुलांच्या संरक्षणाच्या कचेरीत काम केलं होतं. कुणाच्या दारात ती गेली की शेजारी पडदे सारून बघत. व्यसनात सापडलेल्या आईला तिच्या लेकरासकट ठेवून घेईल, बरं करेल, असं एकही घर आजूबाजूच्या तीन काउंट्यांत नव्हतं. लेकरू एकीकडे जायचं, आई दुसरीकडे, आणि पुष्कळदा आई परत यायचीच नाही. असं घर उभं राहावं, त्याला राज्याचा पैसा मिळावा, एवढ्या एका गोष्टीसाठी ती विधानसभेच्या जागेला उभी राहिली होती. भाषणात ती नाव कुणाचंच घ्यायची नाही. पण असं घर म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे दरवेळी ड्रीमाच यायची.

एकोणीस वर्षांची ड्रीमा. बाहेर बर्फ पडत होतं आणि कचेरी बंद व्हायच्या वेळेला ती दारात उभी राहिली होती. पायांत उन्हाळी सपाता, हातात धुण्याची टोपली, आणि टोपलीत टॉवेलांच्या मधोमध आठ महिन्यांची पोर गाढ झोपलेली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती. एवढा रस्ता ती चालत आली होती.

“घेऊन जा हिला,” ती म्हणाली होती. “आज घेऊन जा. उद्यापर्यंत माझा भरवसा नाही.” मग टोपली टेबलावर ठेवून, काठ न सोडता, “पण मी दिली असं कुणाला सांगू नका. तुम्ही ओढून नेली म्हणा. आईने दिली असं तिला कधी कळता कामा नये.”

रोवेनाने तिला शब्द दिला होता. कायदा नंतरचा, शब्द आधीचा.

टेबलं पुसली गेली. गावच्या पाद्र्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला. रस्त्याबद्दल विचारून झालं, पुराच्या पैशांबद्दल विचारून झालं, शाळा बंद होणार की नाही ते विचारून झालं. मग मधल्या रांगेत ड्रीमा उठली. तिने ध्वनिक्षेपक घेतला नाही.

“माझं नाव ड्रीमा स्लोन. तुम्ही सगळे मला ओळखता, ओळख दाखवत नाही एवढंच.”

खुर्च्या करकरायच्या थांबल्या.

“माझी पोर आठ महिन्यांची होती. ही बाई माझ्या दारात सरकारी गाडी घेऊन आली. मी रडले, हातापाया पडले. हिने ऐकलं नाही. माझ्या मांडीवरनं पोर उचलली आणि नेली. ती पोर परत बघायला मिळाली ती गेल्या वर्षी, तीही तिने स्वतः मला शोधून काढलं म्हणून.” तिने रोवेनाकडे बोट केलं. “आता ही तुमच्या दारात येतेय, मतं मागायला. मला एवढंच विचारायचंय. दुसऱ्याचं लेकरू ओढताना तुझे हात कापले नाहीत का गं? सांग की! नेलीस की नाही?”

बाजूला ती मुलगी बसली होती. शायेन तिचं नाव. तिचा एक हात आईच्या पाठीवर होता आणि डोळे रोवेनावर खिळलेले. त्या नजरेत राग नव्हता. काय होतं ते रोवेनाला कळलं नाही. डाव लावून बसलेल्या माणसाच्या नजरेत असावं तसं काहीतरी.

भिंतीला टेकून उभ्या होबर्टने टोपी मुठीत चुरगाळली होती. आता बोल, असं त्याचं सगळं अंग सांगत होतं. रोवेनाच्या जिभेवर शब्द आलेही होते. धुण्याची टोपली. दोन शब्द पुरे होते, सगळं सभागृह फिरलं असतं. ड्रीमाचं पुढे काय झालं असतं तेही तिला दिसत होतं: ती अशीच उभी राहिली असती, सगळ्यांच्या देखत, आणि पाठीवरचा तो हात गळून पडला असता.

“हो,” रोवेना म्हणाली. “मी नेली.”

पाद्र्याने वाट पाहिली. “मिसेस टॅकेट, आणखी काही सांगायचंय?”

“तेव्हा आईला आणि लेकराला एका छपराखाली ठेवेल अशी जागा इथे नव्हती. आजही नाही. म्हणून मी उभी आहे.” तिने ड्रीमाकडे पाहिलं. “बाकी जे झालं ते ड्रीमाचं आहे. ते मी इथे बोलणार नाही.”

“हे काय उत्तर झालं?” मागून कुणीतरी ओरडलं. कुणीतरी शीळ घातली. होलब्रुकने मान खाली घालून, फार वाईट वाटल्यासारखा चेहरा केला.

ड्रीमा मात्र जिंकल्यासारखी दिसत नव्हती. ती क्षणभर उभीच राहिली, पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी तशी. मग शायेनने तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये रोवेनाच्या बाकावर कुणी बसलं नाही. सोमवारी दरीतल्या पुलावर मोठा फलक लागला: ‘आधी मुलं नेली, आता मतं नेणार?’ होबर्ट दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला.

मंगळवारी मतदान होतं. शाळेच्या व्यायामशाळेत पेट्या होत्या आणि उमेदवारांनी जिथवर उभं राहायचं तिथे खडूची रेघ मारलेली होती. रोवेना पहाटेपासून त्या रेघेबाहेर गारठत उभी होती. येणारे जाणारे तिला नमस्कार करत, पण चालता चालता.

“मिस रोवेना, कॉफी घ्या.”

शायेन होती. रात्रपाळी करून तशीच आलेली. डोळ्यांखाली काळं झालेलं.

रोवेनाने कप घेतला. “तुझ्या आईने पाहिलं तर?”

“ती दुपारी येणार आहे, होलब्रुकच्या गाडीतनं.” मुलीने आजूबाजूला पाहून घेतलं. “मला तुम्हाला एक सांगायचंय. ते टोपलीचं मला माहीत आहे.”

रोवेना तिच्याकडे वळली.

“ओपल मॉमने सांगितलं. ती वारली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात.” ओपल म्हणजे जिने शायेनला वाढवलं ती शेजारच्या काउंटीतली मास्तरीण. “तुम्हीच तिला म्हणाला होतात ना? की हिच्या आईने हिला टाकली नाही, हिला वाचवली, हे वाढवणारीला तरी ठाऊक असावं.”

म्हणाली होती. शब्द मोडला होता तो तेवढ्या एका बाईपाशी, आणि ती बाई जपून ठेवील अशा भरवशावर.

“मग शनिवारी तू...” रोवेनाने वाक्य अर्धवट सोडलं. पण मग राग तिला आवरेना. “तू तिथेच बसली होतीस, शायेन. तुला सगळं ठाऊक होतं.”

“हो.”

“मग?”

“तुम्ही बोलाल असं मला वाटलं होतं. मी तयारीने आले होते.” मुलीने नजर चुकवली नाही. “तुम्ही टोपलीचं नाव काढलं असतंत, तर मी उठून म्हणणार होते की ही बाई खोटं बोलतेय.”

एक म्हातारा मतदान करून बाहेर आला, दोघींकडे पाहून घोटाळला आणि निघून गेला.

“गेल्या हिवाळ्यापासून तिने गोळीला हात लावलेला नाही,” शायेन म्हणाली. “रोज सकाळी उठून माझ्या खोलीत डोकावते, मी आहे का ते बघायला. तिला वाटतं, मला कळलं की मी निघून जाईन. मला कळून चार वर्षं झाली, मिस रोवेना. कळलं म्हणूनच मी तिला शोधत आले. पण हे तिला आत्ता कसं सांगू? अजून पायांवर धड उभी नाही ती.”

रोवेनाला हसावं की या पोरीच्या एक थोबाडीत द्यावी ते कळत नव्हतं. शेवटी तिने कॉफीचा घोट घेतला. कॉफी जळकट होती, पण गरम होती.

“मत तुम्हाला दिलंय,” जाता जाता शायेन म्हणाली. “तेही आईला सांगू नका.”

रोवेना हरली. फार मतांनी नाही, शाळेच्या एका बसमध्ये मावतील एवढ्याच माणसांनी. निकाल होबर्टने कळवला. “एक शब्द, रोवेना,” तो फोनवर म्हणाला. “एका शब्दाचं काम होतं.” तिने त्याला जेवून झोपायला सांगितलं आणि मग स्वतः न जेवता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिली. ते घर आता कोण बांधणार, कुठल्या साली, तोवर किती जणी दारात येतील, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

आठवड्याच्या शेवटी दोघं ट्रक घेऊन रस्त्याकडेच्या प्रचाराच्या पाट्या उपटत निघाले. जमीन गोठू लागली होती, खुंट्या सहज सुटत नव्हत्या. ड्रीमाच्या घराखालच्या वळणावर त्यांची एक पाटी वाऱ्याने कुंपणाला जाऊन अडकली होती. रोवेना ती काढायला उतरली तेव्हा ड्रीमा अंगावर जुना कोट ओढून पायऱ्या उतरत होती.

“इथे तुमचं काही नाही,” ती म्हणाली.

“माहीत आहे. वाऱ्याने आलीय. काढून नेते.”

ड्रीमा गेली नाही. तिने कुंपणाची तार धरून पाटीचा दुसरा कोपरा सोडवायला सुरुवात केली. दोघी ते अडकलेलं टोक ओढत राहिल्या.

“नर्सिंगला जाणार आहे ती,” ड्रीमा म्हणाली. “जानेवारीत.”

“छान झालं.”

“हुशार आहे. माझ्यावर गेलेली नाही.” पाटी सुटली. ड्रीमाने ती सोडली मात्र नाही. “त्या दिवशी तुम्ही बोलला नाहीत.”

“नाही.”

“एरवी कधी... तिला काही...?” तिने घराच्या खिडकीकडे मागे वळून पाहिलं. आत शायेन भांडी घासत असावी, नळाचं पाणी ऐकू येत होतं. “तिला काही ठाऊक नाही ना?”

वारा पडला होता. रोवेनाने ड्रीमाचा चेहरा पाहिला. चाळिशी उलटायच्या आधीच सुरकुतलेला, तरी गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच अन्न अंगी लागल्यासारखा.

“माझ्याकडून तिला एक अक्षर कळलेलं नाही, ड्रीमा.”

ड्रीमाने पाटी सोडली. “मत नाही दिलं मी तुम्हाला,” ती म्हणाली आणि पायऱ्या चढू लागली.

रोवेनाने पाटी ट्रकमध्ये मागे टाकली, आत बसून हात हीटरपुढे धरले.

“काय म्हणत होती?” होबर्टने विचारलं.

“पोरीचं सांगत होती. नर्सिंगला चाललीय.”

“एवढं सगळं करून वर तुलाच सांगते?”

“दुसऱ्या कुणाला सांगणार?” रोवेना म्हणाली. “चल. पुलापलीकडच्या राहिल्यात अजून.”