ओल्या पायांचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी निळी पिकअप गाडी आहे. मिदेल्त गावाच्या वरच्या अंगाला, अयाची डोंगराच्या पायथ्याशी बास्सूची सफरचंदाची बाग आहे. तिथेच माझा मुक्काम. तरुणपणी मी काय वाहिले नाही? सफरचंदाच्या पेट्या, मेंढ्या, एकदा तर वाजंत्र्यांसकट अख्खी वरात. बास्सू माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणे, "ही माझी थोरली बहीण!" पुढे रंग उडाला, एक दार दोरीने बांधले गेले आणि थापेच्या जागी लाथ आली. त्याचेही मला फारसे वाईट वाटले नाही. पण गेल्या हिवाळ्यात जे घडले, त्याने माझ्या पत्र्यापत्र्याला कापरे भरले.

थंडी पडली तसे माझ्यातले कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे हिरवे पाणी, कमी होऊ लागले. बास्सू सकाळी रेडिएटर भरे, संध्याकाळी तो पुन्हा रिकामा. खाली जमिनीवर टिपूसही नसे. हीटर लावला की आधी कोमट, मग गार वारा येई. समोरच्या काचेवर आतून चिकट धुके साचे. केबिनमध्ये गोडसर वास येई. "सफरचंदं सडली असतील कुठेतरी," म्हणून बास्सू काच खाली करी.

त्याच्या शेजारच्या सीटवर त्याची आई बसे, तूदाआजी. बाजारात लोकरीचा भाव तिला स्वतःच करायचा असे. एका बाजाराला ती उतरली, तेव्हा तिच्या झग्याची कड आणि मोजे ओलेचिंब होते. बास्सूने पाहिले आणि नजर फिरवली. पुढच्या आठवड्यात तेच. पेट्या उतरवताना तो बायकोला, फाद्माला, हळूच म्हणाला, "आईला आता कळत नाही गं. सीटवरच होतं तिचं."

 जे माझ्या पोटातून गळत होते, ते त्या माउलीच्या माथी आले होते! आणि मला तोंड नव्हते.

बास्सूने सीटवर प्लास्टिक अंथरले. आजीने विचारले, "हे कशाला रे?"

"असंच. सीट खराब होते."

ती समजायचे ते समजली. मग तिचा स्वतःच्याच अंगावरचा भरवसा उडाला. कुठे जायचे असले की आदल्या दिवसापासून ती पाण्याला शिवेना, पुदिन्याचा चहासुद्धा नको म्हणे.

त्यातच खेनिफ्राला नातीचे लग्न आले. नवरीला मेंदी लावताना म्हणायची गाणी आजीलाच येत. ती गाठोडे घेऊन माझ्यात चढून बसलीही होती. बास्सू खाली मान घालून म्हणाला, "आई, रस्ता लांबचा आहे. चारचौघांत उगाच..." आजी गाठोडे उचलून उतरली. तिची सीट तशीच रिकामी ठेवून आम्ही गेलो.

परतताना घाटात मी उकळले, तेव्हा कुठे पुढच्या आठवड्यात बास्सूने मला इद्रीस मिस्त्रीकडे नेले. त्या दिवशी आजीचे डोळे डॉक्टरांना दाखवायचे होते, म्हणून ती सोबत होती. बाहेर बोचरा वारा, म्हणून माझ्या आतच बसून राहिली.

इद्रीस माझ्याखाली सरकला आणि हसत बाहेर आला. "बास्सू, ही गाडी आहे की उंट? पिते पिंपभर, आणि मुतत मात्र नाही!"

बास्सूला हसू आले नाही.

इद्रीसने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून आत हवा दाबली. पंपाचा काटा चढला आणि हळूहळू उतरू लागला, म्हणजे कुठेतरी गळत होते. पाइप कोरडे, रेडिएटर कोरडा. "इंजिनचं हेड तडकलंय. भंगारात काढ," तो म्हणाला. 

एवढ्यात आतून हाक आली, "बास्सू! अरे, पायावर गळतंय!"

बास्सूचा चेहरा लाल झाला. "आई, हळू. लोक आहेत."

"असू देत लोक! कालपासून घोटभर पाणी प्यायले नाहीये मी. मग हे आलं कुठून?"

इद्रीसने डॅशबोर्डखाली डोके घातले. बोटावर थेंब घेतला, चोळला, हुंगला. "हिरवं आहे. बुळबुळीत. वासही गोड." त्याने पायाखालची चटई उचलली, तर खाली तळे! "अरे देवा... इथे हीटरची छोटी जाळी असते, इंजिनचं गरम पाणी तिच्यातून फिरतं. ती फुटलीय. सगळं पाणी आईच्या पायांवर येत होतं."

"कधीपासून?" बास्सूने विचारले.

"समोरची काच आतून धुरकटायला लागली असेल ना, तेव्हापासून."

 आजी खाली उतरली. तिने सीटवरचे प्लास्टिक ओढले, त्याची नीट घडी घातली आणि ती लेकाच्या हातात ठेवली. "आता मला पाणी आण. भरपूर."

सगळ्यांसमोर ती भांडेभर पाणी प्यायली.

"आई, चल, आत्ताच खेनिफ्राला जाऊ," बास्सू रडवेला होऊन म्हणाला.

"जाऊन काय करू? मेंदी उतरली असेल आता."

मित्रांनो, पाणी कमी झाले तर नुसते भरत राहू नका. ते जाते कुठे, ते शोधा. चटई उचला, बोट लावा, वास घ्या. आणि माणसावर ठपका ठेवण्याआधी त्याला एकदा विचारा तरी. मला दुसऱ्या गाडीची जाळी मिळाली. माझा हीटर आता छान तापतो. तूदाआजी पुन्हा बाजाराला येते. पण उतरली की आधी झग्याची कड चाचपते. कड कोरडी असते. तरी चाचपते.