तळाचा थर

सावदा स्टेशनच्या मालधक्क्यावर दिल्लीची वॅगन भरून होत आली होती आणि जीवरामच्या पोटात सकाळपासून निखारा फुलला होता. कारण काय, तर खुर्ची! नेमीचंद शेठनी वनाला "या वनाभाऊ, बसा" म्हणत स्वतःची घडीची खुर्ची सरकवून दिली होती.

हा वना शिरपूरकडचा, दसऱ्याला आलेला. आणि चालू होता एकाहत्तर सालचा फाल्गुन. जीवराम एकवीस वर्षं शेठच्या केळीच्या वॅगनी भरत होता. धक्क्यावर सगळे त्याला नाना म्हणायचे. शेठच्या तोंडी मात्र "ए, तू", नाहीतर "तो उंच माणूस कुठे गेला रे?" त्या तोंडून आपलं नाव एकदा ऐकावं, एवढीच त्याची भूक.

झालं होतं असं, की दिल्लीच्या व्यापाऱ्याची तार आली होती, माल फार सुरेख लावलेला आहे म्हणून. आता वॅगनचं दार उघडलं की डोळ्यांत भरतो वरचा थर, आणि वरचा थर लावायचा वना. तळाचा थर जीवरामचा. वाळलेल्या पानांची गादी घालून एकेक घड असा बसवायचा, की वरचा सारा भार त्यानं झेलावा आणि साल काळी पडू नये. पण तळ कोण बघतो?

माणूस तसा भाविक. राममंदिरात कीर्तन असलं की बुवांच्या मागे झांज घेऊन उभा. मागच्याच एकादशीला बुवांनी मत्सरावर निरूपण केलं, की बाकीचे पाच शत्रू दारावर धडका देतात, हा मात्र आपल्याच अंथरुणात निजून उठतो. जीवरामनं जोरजोरात मान डोलावली होती. त्याला वाटलं, बुवा शेजारच्या तोतारामबद्दलच बोलताहेत.

आज दार लागल्यावर त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचा मानही शेठनी वनालाच दिला होता. वना वाटी घेऊन खाली उभा. जीवराम शेवटची नजर टाकायला वर चढला आणि जागच्या जागी थांबला.

गोडसर वास! उजव्या कोपऱ्यात, वरच्या थरात एक घड पिकायला लागला होता. असा एक घड शेजारच्यांनाही पिकवतो. दिल्ली येईपर्यंत अख्ख्या वॅगनचा लगदा.

तो तसाच खाली उतरला, तंबाखू चोळत बसला. डोळ्यांपुढे दिल्लीची दुसरी तार आली, शेठचा लालबुंद चेहरा आला, खाली मान घातलेला वना आला. आतून गुदगुल्या झाल्या. 'पांडुरंगा, मी काही केलं नाही बरं, मी नुसता गप्प बसलोय,' असं देवालाही सांगून झालं.

पोर्टरनं दार अर्धं ओढलं. उंबऱ्याशी तळाचे घड दिसत होते, त्याच्या हातचे. वनाला दाखवायलाच म्हणून आज त्यानं ते रागारागानं इतके देखणे लावले होते! वरचा थर नासताना हेही नासणार होते.

"थांब रे! दार लावू नको!"

"काय झालं?" शेठ ओरडले.

"उजव्या कोपऱ्यात घड पिकतोय."

वना उडी मारून वर गेला. घड निघाला, दोन फण्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. त्याचं तोंड उतरलं. "मनी चूक शे, शेठ. मीच लायेल व्हता."

"जाऊ द्या वनाभाऊ, माणूस आहे, चुकायचंच," शेठ म्हणाले. मग जीवरामकडे वळून, "आणि ए, तुला आधी वास आला नाही? आता इंजिन येऊन उभं राहील!"

जीवरामनं तंबाखू थुंकली. आधी वास आला होता, हे ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं भलतंच.

"शेठ, माह्यं नाव काय?"

"म्हणजे?"

"एकवीस वर्सं झाली. माह्यं नाव सांगा."

हमालांचे हात थांबले. शेठनी टोपी काढली, पुन्हा घातली, हसून बघितलं. "अरे भाई, तू तर घरचा माणूस. रुपचंदच ना?"

"रुपचंद तोलारी, शेठ. माल तोलायचा तो, वारला दोन वर्सांमागं."

कोणीतरी फिस्सकन हसलं. शेठचे कान लाल झाले. तेवढ्यात वना हळूच म्हणाला, "जीवराम नाना शे त्यास्नं नाव."

"हां... जीवराम. जीवरामभाऊ," शेठ पुटपुटले. "मग, लावायचं का दार?"

आलं एकदाचं नाव. पण तेही वनानं पुढं केलेलं, त्याच्या तोंडून उष्टं होऊन आलेलं! गोडही लागलं आणि घशाला खवखवलंही.

"नाही शेठ. तो कोपरा पुन्हा लावावा लागंल," जीवराम म्हणाला आणि वर चढला. "ये रे वना. पान आधी दाब, मग घड टेकव. अस्सा."

वनानं एकदा पाहिलं आणि लावायला घेतलं. त्याचा हात झरझर चालत होता, जीवरामच्या हाताहून चपळ. कोपरा झकास बसला. जीवराम वाकून बराच वेळ बघत राहिला. खोड सापडेना.

"काढ," तो म्हणाला. "पुन्हा लाव."