तेवीस गाठींवरचं विमान

सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण सुरतेतल्या डिंडोलीच्या लोटूने एक विमान तीन दिवस आभाळात धरून ठेवलं होतं. तेही खाटेशेजारच्या स्टुलावर बसून, हातात पेजेची वाटी घेऊन.

खाटेवर त्याची बायको शोभाबाई. साखरेच्या आजाराने डोळे गेलेले, अंगात त्राण नाही, आणि आता तिने अन्नही सोडलेलं. मुलगा प्रशांत आसामात, दिब्रुगडजवळ तेलाच्या विहिरीवर. येतो म्हणाला होता. "परशा येऊ दे, मंग जेवसू," एवढंच तिचं म्हणणं.

शेजारच्या रूपालीने मोबाइलात पाहिलं. दिब्रुगड ते सुरत सरळ रेषेत साधारण साडेतेवीसशे किलोमीटर. थेट उडालं तर साडेतीन तास, पण मध्ये विमान बदलावं लागतं. शोभाबाईने जाड दोरा मागून घेतला आणि शंभर किलोमीटरला एक अशा तेवीस गाठी मारल्या. वरचे पन्नास तो रिक्षाने येईल, म्हणाली. लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, ताण्याचे तुटलेले उभे धागे सांधण्यात दोघांचा जन्म गेला होता. तिची गाठ बोटाला लागायची नाही. लोटूची बोराएवढी, खात्याचा शेठ ती कापडात लांबून ओळखायचा.

संध्याकाळी फोन आला. "बाबा, रजा नाही मिळाली. पुढच्या महिन्यात बघतो."

पुढचा महिना कोण बघणार, हे लोटूने विचारलं नाही. तो आत आला आणि म्हणाला, "परशा निंघना. इमानमा बसी गया."

ठरलं असं, की लोटूने विमान शंभर किलोमीटर पुढे आणायचं, तिने नखाने एक गाठ सोडायची आणि दोन चमचे पेज घ्यायची. त्याला घाई नव्हतीच.

"समोरनं वारा शे," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "इमान पेडल मारी राह्यनं."

दुसऱ्या दिवशी पाटण्यावर पायलटने चहा घेतला.

"वरच्या वर?"

"दार उघडं ठेईसन."

ती हसली. हसली म्हणून आणखी एक चमचा गेला. मग म्हणाली, "साडेतीन तासना रस्ता, नि दोन दिन?"

"बदलाले रांग किती व्हती. तुले काय म्हाईत."

तिसऱ्या दुपारी तीनच गाठी उरल्या. शेवटची सुटली की ती दाराकडे कान लावणार, आणि दारात कोणी नसणार. तिचा डोळा लागला तसा लोटूने उशीखालून दोरा काढला आणि थुंकी लावून, दाबून दाबून, पाच गाठी मारल्या. जन्मात मारल्या नव्हत्या इतक्या बारीक.

ती जागी झाली. "आते कोठे शे इमान?"

"भुसावळवर. खाले तापी दिसनी, म्हणून तिच्या कडेकडेनं वळसा घाली राह्यनं."

तेवढ्यात छपरावरून खरंच एक विमान गेलं. भांडी थरथरली. "ते नही," लोटू घाईने म्हणाला, "आपलं त्याना मांगे शे."

शोभाबाईचं बोट दोऱ्यावरून सरकत होतं. एका गाठीवर थांबलं, तिला चिमटीत फिरवलं, पुन्हा फिरवलं. लोटूच्या हातातली वाटी गार झाली होती.

"हाई गाठ मन्हा हातनी नही," ती हळूच म्हणाली. "खोटं बोली राह्यनात तुम्ही. परशा निंघनाच नही."